तुम्ही विचारलंत म्हणून: पाकिटावरची बाई आणि पेवातली माणसं

भिंतीवरची चित्रं बघून झाली की प्रश्न येतोच. हळदीच्या पाकिटावर इतकी प्रसन्न बाई काढता, मग शाईनं हे असलं भलतंसलतं का? विचारणाऱ्याच्या स्वरात काळजी असते. घरी सगळं ठीक आहे ना, अशी.

ठीक आहे. पाकिटांवरच घर चालतं. सांगलीत चित्रकाराला हळद चुकत नाही.

भलतंसलतंही तिथूनच येतं. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं ऐकली असतील. जमिनीखालची कोठारं. आत हवा खेळत नाही म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकायची, आणि त्याच कारणानं पेव उघडल्याबरोबर उतरणारा माणूस गुदमरून मरू शकतो. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. मी काढलेल्या पेवात हळद नाही, माणसं रचली आहेत, टोप्यांसकट. दुसरं चित्र नवरदेवाचं. हळदीच्या मार्केट यार्डात पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे. इथं सौद्याला मुंडावळ्या बांधलेला मुलगा बसवलाय आणि रुमाल पारदर्शक केलाय. या चित्रावरून नातेवाइकांत दोन घरं माझ्याशी बोलत नाहीत. चालायचंच.

पोटाचं काम वेगळं आणि मनातलं वेगळं, ही वाटणी मात्र मला पटत नाही. स्वप्नासारखी अद्भुत चित्रं काढणारा स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली, त्यानं १९६७ मध्ये एअर इंडियासाठी अ‍ॅश-ट्रे केला: सुलट धरला तर हंस, उलटा केला की हत्ती. मोबदल्यात त्यानं हत्तीचं पिल्लू मागितलं आणि कंपनीनं ते पाठवलंही! माझी गिऱ्हाइकं एवढी हौशी नाहीत. ती म्हणतात, बाई जरा गोरी करा.

करतो. शेतात हळद काढणाऱ्या बाईच्या नखांत माती असते, शिजवताना डोळ्यांत धूर जातो. माझ्या पाकिटावरची बाई नेलपॉलिश लावून हळकुंडं ओंजळीत धरते. आता यातलं अद्भुत चित्र कोणतं, तुम्हीच सांगा. शाईच्या चित्रात मी निदान नखं खरी काढतो. निबची रेघ खोडता येत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला ‘जरा बदलून देतो’ म्हणायची सोयही उरत नाही.

नवरदेवाच्या चित्रापुढे एकदा एक जुने अडते बराच वेळ थांबले. चष्मा वर करून रुमालातली बोटं मोजली. म्हणाले, “भाव कमी लावलाय.”