कोरडे बूट

"मॅडम, तुमच्या नव्या रेषेवर उभा आहे," काका फोनवर म्हणाले. "आणि बूट कोरडे आहेत."

मला आधी वाटलं, चेष्टा करताहेत. काका आमचे सर्वेक्षक. तीस वर्षं किनाऱ्यावर काठी घेऊन हिंडलेले, आता त्या काठीच्या टोकाला जीपीएस आहे एवढाच फरक. मी त्यांना उपग्रहाच्या प्रतिमेवरून काढलेल्या किनारारेषेचे काही बिंदू पाठवले होते. जागेवर जाऊन मोजा आणि बरोबर आहेत एवढं कळवा, की अहवाल संध्याकाळपर्यंत रवाना. खरं सांगायचं तर ती तपासणी मी उपचार म्हणूनच ठेवली होती.

"पाणी कुठे आहे मग?"

"समोर. ऐंशीएक पावलं खाली. थांबा, तुमची दुसरी फाइलही माझ्याकडे आहे." थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. "पाणी तुमच्या जुन्या रेषेवर आहे. सहा वर्षांपूर्वीच्या."

अहवाल माझ्यासमोर उघडा होता. त्यात लिहिलं होतं की या पुळणीचा मधला भाग सहा वर्षांत सरासरी ६३ मीटर मागे सरकला. म्हणजे वर्षाला दहा मीटरच्या वर. त्या हिशेबाने मागची घरांची एक रांग दशकभरात पाण्याच्या तोंडी येत होती, आणि नकाशात मी ती लाल रंगवली होती. ठसठशीत लाल. आणि समुद्र मात्र आज सकाळी सहा वर्षांपूर्वीच्या जागी आरामात बसला होता.

काम कसं केलं होतं ते सांगते, कारण त्यात आळस नव्हता. असता तर बरं झालं असतं, चूक लवकर सापडली असती. प्रतिमा सेंटिनेल-२ च्या. हा उपग्रह ७८६ किलोमीटर उंचीवरून प्रकाशाच्या तेरा पट्ट्यांत पृथ्वी टिपतो. दृश्य प्रकाशात त्याचा एक पिक्सेल दहा मीटरचा. पाणी डोळ्यांना न दिसणारे शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड किरण जवळजवळ सगळेच गिळून टाकतं, कोरडी वाळू ते परत फेकते. त्यामुळे हिरवा पट्टा आणि हा इन्फ्रारेड पट्टा यांची वजाबाकी-बेरीज करून गुणोत्तर काढलं की पाणी एकीकडे, जमीन दुसरीकडे होते. मधली ओली वाळू तेवढी दोन्हीकडे तोंड दाखवते, पण तिच्यासाठी पाणी आणि जमीन वेगळी करणारा आकडा, म्हणजे उंबरठा, मी हाताने जुळवला होता. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नीट बसतात ना हे घरांच्या कोपऱ्यांवरून पाहिलं होतं. ऋतूनुसार पुळण फुगते-आटते, म्हणून दोन्ही प्रतिमा एकाच महिन्यातल्या घेतल्या होत्या. त्या निवडीबद्दल तर मी स्वतःची पाठही थोपटली होती.

एकच गोष्ट पाहिली नव्हती. त्या दोन सकाळी चंद्र कुठे होता.

"काका, आत्ता ओहोटी आहे का?"

"पूर्ण. काल पौर्णिमा झाली ना, उधाण आहे. आज पाणी पार खाली गेलंय."

फोन चालू ठेवूनच मी तारखा काढल्या. जुनी प्रतिमा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची. नवी अष्टमीच्या आसपासची, म्हणजे भांगाची, भरती-ओहोटीत सर्वांत कमी फरक असतो तेव्हाची. भरती-ओहोटीच्या गणितातून त्या दोन क्षणांची पातळी काढली तर जुन्या वेळी ०.६ मीटर, नव्या वेळी १.८. फरक १.२ मीटरचा.

"मधल्या भागाचा उतार किती असेल हो?"

"सपाटच. पन्नासाला एक धरा. पन्नास मीटर चाललं की एक मीटर चढ."

पन्नास गुणिले १.२. कॅल्क्युलेटर लागला नाही. साठ मीटर. माझ्या ६३ मधले साठ मीटर समुद्राने खाल्लेले नव्हतेच, ते नुसत्या भरतीचे होते. उरलेले तीन मीटर म्हणजे एका पिक्सेलचा तिसरा हिस्सा. त्याला धूप म्हणायचं धाडस कुणी करू नये.

मी किनारारेषा म्हणून जी काढली होती ती त्या क्षणाची पाण्याची कड होती. हा फरक पुस्तकात मीही वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता.

मग मी वरिष्ठांना फोन करून अहवाल थांबवला. ते संभाषण फार लांबलं नाही आणि फार सुखाचंही नव्हतं.

त्या दुपारी कागदावर भरतीचे आलेख काढत बसले तेव्हा आणखी एक गंमत दिसली, आणि मला अजूनही ती विलक्षण वाटते. हा उपग्रह सूर्याशी वेळ बांधून फिरतो. जाईल तिथे स्थानिक सौरवेळेप्रमाणे सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातो. उधाण येतं अमावास्या-पौर्णिमेला, म्हणजे सूर्य-चंद्र एका रेषेत असताना. त्यामुळे कुठल्याही एका किनाऱ्यावर उधाणाची भरती घड्याळाच्या साधारण ठरलेल्या वेळीच येते. दोन्ही वेळा सूर्याने बांधलेल्या. आमच्या या पुळणीवर साडेदहाला उधाणाची ओहोटी असते आणि भांगाच्या दिवसांत, आठवड्याभराने, तीच वेळ भरतीची होते. म्हणजे उपग्रह वर्षानुवर्षं इथून जाईल, शेकडो प्रतिमा घेईल, आणि उधाणाची भरती त्याला एकदाही दिसणार नाही. ज्या दिवशी पाणी सर्वांत वर चढतं, त्या वेळी तो दुसरीकडे असतो. फक्त प्रतिमा पाहणाऱ्याला ही पुळण कायम थोडी जास्त रुंद वाटेल.

सुधारणेसाठी दोन गोष्टी हव्या होत्या: प्रत्येक प्रतिमेच्या क्षणाची पातळी आणि किनाऱ्याच्या प्रत्येक तुकड्याचा खरा उतार. पातळी टेबलावर बसून मिळते. उतारासाठी काका पुन्हा गेले, आणि ठरवून उपग्रहाच्या पुढच्या फेरीच्या दिवशी गेले. तो वरून बघेल तेव्हाच यांनी खाली पाण्याची कड मोजायची, असा बेत.

बेत कागदावर छान होता. उपग्रह पाच किलोमीटरचा किनारा एका सेकंदाच्या आत टिपून पुढे निघून जातो. काकांना तेवढं चालायला तास लागतो, आणि त्या तासात पाणी थांबत नाही. शेवटी लांबी सोडून दिली, दोन ठिकाणी छोटे तुकडे निवडले आणि साडेदहाच्या आगेमागे दहा मिनिटांत मोजायचे ठरवले. बरोबर दहा पंचवीसला फोन.

"मॅडम, कोणती लाट धरू?"

"म्हणजे?"

"एक येते ती इथवर येते, दुसरी तिथवर. मध्ये दहा-बारा मीटर. तुमच्या उपग्रहाला यातली कोणती दिसणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही पाच लाटांची वरची कड आणि पाच लाटांची खालची कड घेतली आणि मधली काढली. प्रतिमा हाती आल्यावर माझी रेषा त्या मधल्या कडेपासून सात मीटरवर निघाली. त्या दिवशी मला सात मीटरचा इतका आनंद झाला की काकांनी विचारलं, पगार वाढला का.

आता दोन प्रतिमांवर विसंबून राहायचं नव्हतं. ढगांतून वाचलेल्या सगळ्या सेंटिनेल प्रतिमा घेतल्या, आणि मागे जाण्यासाठी लँडसॅट या जुन्या उपग्रहमालिकेच्या. लँडसॅट-५ १९८४ साली वर गेला. पिक्सेल तीस मीटरचा, जाडाभरडा, पण सलग नोंद लँडसॅट मालिकेइतकी लांब कुणाकडे नाही, आणि २००८ पासून तो साठा कुणालाही फुकट मिळतो. प्रत्येक प्रतिमेपुढे एक रकाना जोडला: त्या क्षणाची पातळी. मग सगळ्या रेषा एकाच पातळीवर आणून पुन्हा मांडल्या.

मधल्या भागाचा आलेख जवळजवळ सपाट निघाला. थोडा पुढे, थोडा मागे, पण कल असा नाहीच. नकाशातला लाल रंग मी पुसला.

उत्तर टोकाला मात्र काहीतरी शिल्लक राहिलं. तिथे एक लाटरोधक बांध आहे आणि त्याच्या पलीकडचा तुकडा अरुंद, चढा. दहाला एक उतार. पहिल्या अहवालात तिथे २९ मीटर आले होते, म्हणून मी तो पिवळा रंगवून पुढे गेले होते. ६३ समोर २९ कोण बघतो. भरतीचा वाटा तिथे १२ मीटर. तो वजा केला तर उरले १७. दहा मीटरच्या पिक्सेलवर १७ हा काही फार मोठा आकडा नव्हे, म्हणून लांबची मालिका पाहिली. बांध होण्याआधी तिथली रेषा जागच्या जागी होती. नंतर ती मागे सरकू लागली आणि थांबलेली नाही. किनाऱ्याला समांतर वाहत येणारी वाळू बांध अडवतो, अलीकडे साठते, पलीकडच्याला मिळत नाही. अलीकडची पुळण त्याच वर्षांत पुढे सरकलेली दिसतही होती.

मी काकांना फोन केला. उत्तर टोकाला एकदा जाऊन याल का, मला तिथे धूप दिसते आहे, असं जरा जपूनच म्हणाले.

"दिसणारच," काका म्हणाले. "तिथल्या झाडांची मुळं उघडी पडलीत. दोन तर आडवी झालीत."

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पाठवलेले बिंदू सगळे मधल्या भागातले होते, मॅडम."