साल्वादोरला जाताय? मग वार आणि वेळ बघून जेवा

ब्राझीलला निघालेली मराठी मंडळी मला हमखास विचारतात, "साल्वादोरला दोन-तीन दिवस आहोत, जेवायला कुठे जायचं?" या शहरात मी राहिले आहे आणि इथल्या जेवणावर माझा फार जीव आहे. त्यामुळे हॉटेलांची यादी पाठवून मोकळं होणं मला जमत नाही. बाहिया राज्याच्या या राजधानीत अन्नाला वार असतो, वेळ असते. दुपारी जे मिळतं ते रात्री तसं मिळत नाही, आणि शुक्रवारची चव सोमवारी सापडत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून त्याच क्रमाने सांगते.

पहिल्या संध्याकाळी कुठल्याही हॉटेलात बसू नका. चार-पाच वाजले की चौकाचौकांत पांढऱ्या लेसचे घेरदार झगे, डोक्याला फेटा आणि गळ्यात मण्यांच्या माळा अशा बाया आपापली मांडणी लावून बसतात. यांना बाइआना म्हणतात. त्यांच्याकडे आकाराजे खायचं. चवळी भिजवून, चोळून तिची सालं काढतात, वाटतात, त्यात कांदा आणि मीठ घालून लाकडी डावाने फेस येईपर्यंत घोटतात आणि देंदेच्या तेलात तळतात. देंदे म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या ताडाच्या फळांचं लालभडक तेल. आपल्याकडे चवळीचे वडे करणाऱ्यांना हे पीठ बघताक्षणी ओळखीचं वाटेल. तेलाचा वास मात्र साफ नवा.

तळलेला गोळा मधोमध चिरून त्यात वातापा भरतात. पाव, शेंगदाणे, काजू, सुकी कोळंबी, नारळाचं दूध आणि देंदे यांचं ते घट्टसर पिठलं असतं. त्यावर भेंडीचं कारुरू, टोमॅटोची कोशिंबीर, वरून कोळंबी. शेवटी बाइआना मिरचीबद्दल विचारते. आपण महाराष्ट्रातले, म्हणून सरसकट हो म्हणू नका. आधी थोडीच लावायला सांगा, कारण ती मिरची तेलात परतलेली असते आणि जिभेवर उशिरा चढते.

रिओ व्हेर्मेल्यो भागातल्या सांताना चौकात दीन्या आणि रेजिना या बाइआनांची नावं मोठी आहेत. जवळच्या मारिकिता चौकात आणि विमानतळाच्या बाजूला इतापुआँच्या किनाऱ्यावर सीराचं. दीन्या आणि सीरा आता हयात नाहीत, त्यांच्या नावाच्या मांडण्या घरच्या माणसांनी चालू ठेवल्या आहेत. रांग असते, ती लावावी. तळण उतरल्याउतरल्या खायला मिळतं ते रांगेमुळेच.

या बायांकडेच आधी जा, असा आग्रह मी धरते त्याला कारण आहे. गुलामगिरीच्या काळात आफ्रिकेतून आणलेल्या बायकांना मालक रस्त्यावर खाद्यपदार्थ विकायला पाठवत. कमाईतला ठरलेला वाटा मालकाला द्यायचा, उरलेलं साठवायचं. त्या साठवणीतून कितीतरी जणींनी स्वतःचं, आपल्या लेकरांचं स्वातंत्र्य विकत घेतलं. आकाराजे हा कांदोंब्ले या आफ्रिकी मुळांच्या धर्मातल्या यान्सां या वाऱ्या-वादळाच्या देवतेचा नैवेद्य, आणि तो रस्त्यावर आला तो याच बायकांच्या हातून. २००५ मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा संस्थेने बाइआनांच्या व्यवसायाची देशाचा वारसा म्हणून नोंद केली. तरीही फुटबॉलच्या २०१४ च्या विश्वचषकाआधी स्टेडियमच्या आवारात त्यांना विक्रीला मज्जाव होणार असं दिसायला लागलं. त्यांच्या संघटनेने आंदोलन केलं आणि आत बसण्याची परवानगी मिळवली. वातानुकूलित हॉटेलातला छोटा, सजवलेला आकाराजे चवीला चांगला असेलही, पण पहिला घास या बायांच्या हातचाच असावा असं मला मनापासून वाटतं.

दुपारचं जेवण मोकेकाचं, म्हणजे नारळाच्या दुधातल्या मासळीच्या रश्श्याचं. त्यातही तुमच्या मुक्कामात शुक्रवार येत असेल तर तो मोकेकासाठीच राखा. शुक्रवार हा कांदोंब्लेतल्या ओशाला देवतेचा वार. शहरात कितीतरी लोक त्या दिवशी पांढरे कपडे घालतात आणि साध्या खाणावळींतसुद्धा देंदेतला स्वयंपाक होतो. मातीच्या भांड्यात मासे किंवा कोळंबी, कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची, कोथिंबीर, नारळाचं दूध आणि देंदे. भांडं टेबलावर येतं तेव्हा आतला रस अजून खदखदत असतो. सोबत भात, देंदेत परतलेला कसाव्याचा रवा म्हणजे फारोफा, आणि माशाच्या रश्श्यात कसाव्याचं पीठ शिजवून केलेला पिराओ. पिराओ नुसता दिसायला साधा, पण मोकेकाचा रस त्यावर घेतलात की भाताची आठवण राहत नाही. रिओ व्हेर्मेल्योमधलं कासा दे तेरेझा आणि आर्मासाओच्या किनाऱ्यावरचं येमांजा या दोन्ही ठिकाणी मी पाहुण्यांना बिनधास्त पाठवते. एक भांडं दोघांना पुरून उरतं. आणि हे जेवण रात्री टाळा. देंदे जड असतं, नव्या पोटाला दुपारच जरा सोसते.

शाकाहारी असाल तर इथे नीट लक्ष द्या, कारण या बाबतीत चुकीचे सल्ले फार मिळतात. "कोळंबी नको" असं म्हटलं की बाइआना वरची कोळंबी काढते, पण वातापा आणि कारुरूमध्ये सुकी कोळंबी वाटून घातलेलीच असते. तेव्हा नुसता आकाराजे, कोशिंबीर आणि मिरची एवढंच मागा. केळीच्या पानात वाफवलेलं आबारा दिसायला सात्त्विक, पण त्याच्या पिठातच बहुधा कोळंबी असते. मोकेका मात्र राजेळीसारख्या मोठ्या केळ्यांचा किंवा ताडाच्या कोवळ्या गाभ्याचाही करतात. तो मागताना माशाचा रस्सा घालू नका, हे वेगळं सांगावं लागतं.

रोजच्या जेवणासाठी वजनावर पैसे घेणाऱ्या खाणावळी शोधा. ताट आपण वाढून घ्यायचं, काट्यावर ठेवायचं, वजनाप्रमाणे पैसे. भात, पालेभाज्या, भोपळा, तळलेली केळी असं बरंच मिळतं. घेवड्यात मांस आहे का, तेवढं विचारा. सकाळी रस्त्यावर बेइजू खा. कसाव्याचं ओलसर पीठ तव्यावर पसरलं की आपोआप जुळून येतं, मग त्यात ओलं खोबरं किंवा चीज. आपला उपासाचा साबुदाणा सेलमकडे ज्या कंदापासून बनतो, तोच हा कंद, मूळचा याच खंडातला. उपासाला चालेल का, असंही मला विचारून झालंय. तुमच्या घरी साबुदाणा चालत असेल तर नारळाचा बेइजू खुशाल खा.

गोव्याच्या, वसईच्या लोकांना मी सकाळी साओ जोआकिमच्या बाजारात पाठवते. खाडीच्या काठावर देंदेच्या बाटल्या, सुक्या कोळंबीचे ढीग, मातीची भांडी आणि मधूनमधून बाकडी टाकलेल्या खाणावळी. तिथे सारापातेल मिळतं. पोर्तुगीजांबरोबर एक वाट गोव्याला गेली आणि एक इकडे आली. व्हिनेगर आणि मसाल्यांमुळे गोव्याचं सोरपोतेल वेगळंच झालं, तरी डुकराच्या काळजाचा तो गडद रस्सा नातं लपवत नाही. बाजार कामाचा आहे, पर्यटकांसाठी सजवलेला नाही. जमीन ओली असते, साध्या चपला घालून जा.

रिबेइरा भागातलं आइस्क्रीमचं दुकान १९३१ पासूनचं आहे. तिथे चॉकलेट घेऊ नका. उंबू, काजा, मांगाबा ही फळं आपल्याकडे चाखायला मिळत नाहीत, ती घ्या. काजूचं बोंड इथलं, गोव्यात पोहोचवलं पोर्तुगीजांनी. फणस आणि आंबा मात्र आपल्याकडून इथे आले, आणि इतके रुजले की इथल्या लोकांना ते स्वतःचेच वाटतात.

सप्टेंबरअखेर येणार असाल तर २७ तारीख मोकळी ठेवा. कोझ्मे आणि दामियाओ या जुळ्या संतांच्या नावाने त्या सुमारास घरोघरी कारुरूचं जेवण घालतात. किलोकिलोंनी भेंडी बारीक चिरायला शेजारणी जमतात. आधी सात मुलांची पंगत बसते, ती हातानेच जेवतात, त्यानंतर मोठ्यांना वाढतात. हे कुठल्याही हॉटेलात विकत मिळत नाही, पण ओळख झालेलं माणूस सहज बोलावतं. बोलावलं तर संकोच न करता जा. शिजवताना काही भेंड्या मुद्दाम अख्ख्या ठेवलेल्या असतात. ज्याच्या ताटात ती आली, त्याने पुढच्या वर्षी कारुरू घालायचं असतं.