घोडा का अडला?

पान का सडलं, भाकरी का करपली, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच, ‘न फिरवल्यामुळे’, हे मराठी घरात शाळेआधीच पाठ होतं. आता विड्याची पानं उलटीसुलटी करत बसणारं घरात कुणी नाही, भाकरीही बऱ्याच घरी बाहेरून येते. कोड्यातला घोडा तेवढा शाबूत आहे आणि पावसाळ्यात त्याला भेटायचं तर पुण्यातच.

घोडा पुण्याला परका नाही. पेशव्यांच्या खास पागेची जागा म्हणून मुलींच्या एका शाळेला अख्खं शहर हुजूरपागा म्हणतं. शाळा १८८४ची, पागा त्याहून कितीतरी जुनी. कॅम्पातलं रेसकोर्स १८३०चं. मुंबईत महालक्ष्मीची धावपट्टी पावसात थकते, म्हणून जुलै ते ऑक्टोबरच्या सुमाराला घोडे, ट्रेनर, जॉकी, सईस, नालबंद असा सगळा संसार घाट चढून वर येतो. नेमक्या त्याच दिवसांत नदीकाठी ढोल-ताशांचा सराव सुरू होतो आणि शहरातली निम्मी कुत्री पलंगाखाली जातात. शनिवारी भटक्या कुत्र्यांच्या लसीकरणाला जाणारा माणूस रविवारी रेसकोर्सवर, शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकच्या कठड्याशी दिसला, की ओळखीचे लोक कोड्यात पडतात. ‘तुम्हाला प्राण्यांची कणव, मग इकडे कसे?’

प्रश्न चुकीचा नाही. दोन वर्षांच्या, हाडं अजून भरत असलेल्या जनावराच्या पाठीवर माणूस बसवून त्याला भरधाव सोडायचं, यात अवघडण्यासारखं काहीच नाही असं ज्याला वाटतं, त्यानं घोडा नीट पाहिलेला नाही. पण हेही खरं, की घोडा नीट पाहायची सवय असलेली माणसं रेसकोर्सइतकी दुसरीकडे कुठे फारशी सापडत नाहीत.

कठड्याशी दोन जाती असतात. एक रेसबुकात डोकं घालून वजनं आणि जुने निकाल वाचणारी, दुसरी घोड्याच्या पायांकडे बघणारी. दुसऱ्या जातीत शिरायचं असेल तर चालण्यापासून सुरुवात करावी. सईस घोडा फिरवत असताना पुढच्या खुराचा ठसा उठतो, मागचं खूर त्या ठशावर किंवा त्याच्या थोडं पुढे पडायला हवं. मागेच पडत असेल, तर पाठ किंवा मागचा भाग आखडलाय. मग कान. एक इकडे, एक तिकडे असे फिरत असले तर उत्तम. मानेला चिकटले तर वैताग. मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा पांढरा फेस असेल, तर घोडा शर्यतीआधीच मनातल्या मनात शर्यत धावून आलाय. हा फेस खरोखर साबणाच्याच जातीचा. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, ते दाट केसांतून घाम पसरवतं आणि घासलं गेलं की फेसाळतं. बरगड्या पुसटशा दिसत असल्या तर ‘अरेरे, उपाशी’ म्हणायचं कारण नाही. धावणाऱ्याच्या अंगावर चरबी नसते. कंबरेवरचं मांस बसलेलं असलं, पुठ्ठ्याच्या हाडांची टोकं वर आलेली असली, तर मात्र म्हणावं.

एवढी नजर बसली, की तीच जशीच्या तशी कुत्र्याला लागू पडते, ही गंमत फार थोड्यांना ठाऊक असते. हिरडीची परीक्षा घ्या. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबायचं आणि सोडायचं. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. पाचशे किलोंच्या घोड्याला आणि पुलाखाली सापडलेल्या चार किलोंच्या पिल्लाला हीच कसोटी, हेच दोन सेकंद. जास्त लागले तर पाणी कमी पडलंय किंवा रक्ताभिसरण बिघडलंय. हिरडी फिकट असेल आणि पावसाळा असेल, तर कुत्र्याच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावेत. गोचीडतापात रक्तच कमी होतं. रक्ततपासणी दोन दिवस लांबवण्यातला हा आजार नव्हे.

फरक आहे तो वंशावळीत. थरोब्रेडचा, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याचा, बाप, आजा, खापरपणजा सगळे वहीत नोंदलेले. बापाकडून मागे मागे गेलं, की इंग्लंडात आणलेल्या तीन पूर्वेकडच्या घोड्यांपाशी सगळे पोचतात. वाढदिवसही आपल्याकडे सगळ्यांचा एकच, १ जानेवारी, मग जन्म फेब्रुवारीतला असो की एप्रिलमधला. रस्त्यावरच्या पिल्लाचा बाप खुद्द त्याच्या आईलाही नक्की सांगता येणार नाही. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगळे असू शकतात, तेव्हा हा विनोद नाही. वय दातांवरून काढायचं: पुढचे दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यात पडू लागतात, सहा-सात महिन्यांत पक्के सुळे आलेले असतात. आपले जुने अश्वपारखी घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहून शुभ-अशुभ ठरवायचे, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेल्या पंचकल्याणी घोड्याला जास्त मोल द्यायचे. आजही घोड्याच्या पासपोर्टवर कपाळावरचे, मानेवरचे भोवरे काढलेले असतात. शकुनासाठी नव्हे, ओळख पटावी म्हणून. माणसाच्या बोटांचे ठसे तसे घोड्याचे भोवरे.

तर, घोडा का अडला?

कोड्याचं उत्तर पशुवैद्यकालाही मान्य आहे. शेतकामाला आणि गाडीला घोडे होते तेव्हापासून एक दुखणं ‘सोमवारचा आजार’ म्हणून ओळखलं जातं. रविवारी सुट्टी म्हणून घोडा ठाणबंद, चंदी, म्हणजे दाणा, मात्र रोजच्याच मापाची. सोमवारी कामाला काढला, की पंधरा-वीस मिनिटांत पाऊल आखडतं, पुठ्ठे लाकडासारखे कडक होतात, घाम फुटतो आणि घोडा जागच्या जागी उभा. लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर समजावं की फुटलेल्या स्नायूंतलं रंगद्रव्य मूत्रपिंडांपर्यंत पोचलंय. शर्यतीच्या घोड्यांत हे जास्त करून तरुण आणि भित्र्या माद्यांना होतं. उपाय स्वस्तातला: सुट्टीच्या दिवशी चंदी निम्म्यावर, गवत भरपूर, आणि सकाळ-संध्याकाळ हातात धरून चालवणं. पण कोड्यानं न सांगितलेली एक गोष्ट आहे. अडल्यावर घोडा फिरवायचा नसतो. तेव्हा एकेका पावलानं स्नायू आणखी फाटतात. असेल तिथेच उभा करावा, अंगावर घाम असेल तर वाऱ्यापासून आडोसा द्यावा आणि डॉक्टरांना बोलवावं. फिरवायची वेळ आदल्या दिवशी होती.

चंदीचं गणितही असंच गैरसमजांचं. घोड्याचं पोट शरीराच्या मानानं लहान, आठ ते पंधरा लिटरांचं, आणि त्यात आम्ल सतत पाझरतं. मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो म्हणून निभावतं. सराव करणाऱ्या घोड्याला दिवसाला पाच-सहा किलो ओट आणि खुराक लागतो, तो तीन-चार वेळांत विभागायचा. एका वेळी दोन-अडीच किलोंच्या वर गेलात, तर पोटशूळ दाराशी उभा. त्यात घोड्याला ओकता येत नाही. आत गेलं ते मागूनच बाहेर पडायला हवं. म्हणून पोटदुखीत फेऱ्या मारणारा, पोटाकडे वळून वळून पाहणारा, लोळणारा घोडा ‘बघू सकाळी’ म्हणून सोडून द्यायचा नसतो.

शर्यत संपल्यावर प्रेक्षकांची मान निकालाच्या फलकाकडे वळते. खरं पाहण्यासारखं त्यानंतर असतं. भरधाव घोड्याचे ठोके मिनिटाला दोनशेच्या पुढे जातात, आरामात ते तीस-चाळीसच असतात. घोडा तोंडानं श्वास घेऊच शकत नाही. दौडीत एका झेपेला एक श्वास, दोन्ही एकमेकांना बांधलेले. पुण्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, तेव्हा अंगावर पाणी ओतत राहायचं, घोट घोट पाणी पाजायचं आणि चालवायचं. तापल्या घोड्याला पाणी दाखवू नये ही जुनी समजूत आता सोडून द्यायला हरकत नाही. जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेवर दोन बोटं ठेवली की नाडी लागते. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणावं. पंधरा-वीस मिनिटांत आकडा साठच्या आसपास उतरला नाही, तर काहीतरी बिघडलंय.

आणि पाय. गुडघ्याखाली घोड्याला स्नायू नसतातच, नुसतं हाड आणि दोऱ्यांसारखे कंडरे. भरधाव पळताना एकेका पुढच्या पायावर अंगाच्या दुपटीहून जास्त भार येतो. म्हणून सईस रोज सकाळी पट्टी सोडून नळीच्या मागच्या बाजूनं हाताची मागची बाजू फिरवतो. तळहातापेक्षा तिला ऊब आधी कळते. दोन पायांच्या उबेत फरक लागला की त्या दिवशी सराव बंद. हे दुर्लक्षिलं, तर कंडरा फाटून केळ्यासारखा फुगवटा येतो आणि घोडा नऊ ते बारा महिने बसतो. ‘बसतो’ म्हणायचं खरं, पण बसवून ठेवला तर कंडरा आडव्यातिडव्या धाग्यांनी भरून येतो आणि पुन्हा फाटतो. आधी दिवसाला पाच-दहा मिनिटं हातात धरून सपाट जमिनीवर चालवणं, मग आठवड्याआठवड्यानं चार-पाच मिनिटं वाढवणं, मधून सोनोग्राफी. इथेही औषध तेच, कोड्यातलं.

पाच-सात वर्षांचा झाला की घोडा बहुधा शर्यतीतून निवृत्त. आयुष्य पंचवीस वर्षांचं. ही उरलेली अठरा-वीस वर्षं रेसबुकात छापलेली नसतात, आणि प्राण्यांची कणव असलेल्या माणसाचं रेसकोर्सवर खरं काम इथून सुरू होतं. काही घोडे स्टड फार्मवर जातात, काही रायडिंग स्कूलमध्ये. पुण्याच्या इतिहासात तर निवृत्त घोड्यांनी एक कारखाना उभा केलाय: पूनावालांच्या स्टड फार्मवरचे वय झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे सीरम काढण्यासाठी दिले जायचे, त्यातूनच ‘हे आपणच का करू नये’ हा विचार आला आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. सर्पदंशावरची लसही घोड्याच्याच रक्तातली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष अगदी थोडं, वाढत्या मात्रेत टोचायचं आणि तयार झालेली प्रतिद्रव्यं रक्तद्रवातून वेगळी काढायची. मावळातल्या भातखाचरात साप चावलेला माणूस वाचतो, त्यात कुठल्यातरी पागेतल्या घोड्याचा वाटा असतो. यात घोड्याचं भलं किती, हा प्रश्न मात्र सोपा नाही आणि तो सोपा करून सांगणाऱ्यांपासून दूर राहावं.

एखादा घोडा आपणच सांभाळावा असं मनात आलं, तर आधी कागद-पेन्सिल घ्यावी. साडेचारशे किलोंच्या घोड्याला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे रोज नऊ किलो सुकं गवत. वर्षाचं जवळपास सव्वातीन टन. पाणी रोज पंचवीस ते पंचेचाळीस लिटर. शेण-लीद रोज वीस किलोंच्या आसपास. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, वर्षातून किमान एकदा दात घासणारा डॉक्टर. कोथरूडच्या सोसायटीत कुत्र्यावरून सर्वसाधारण सभा रंगते, तिथे लीद हा विषय नकोच. शिवाय निवृत्त घोड्याला मोकळीक शिकवावी लागते. चंदी दोन आठवड्यांत हळूहळू उतरवायची. हिरव्या कुरणात पहिल्या दिवशी अर्धाच तास, तोही एखाद्या म्हाताऱ्या शांत घोड्यासोबत. पावसाळी कोवळ्या गवतावर एकदम सोडला तर पोट बिघडतं नाहीतर खुरं सुजतात. लगाम ओढला की थांबायचं, हे त्याला ठाऊक नसतं. शर्यतीत त्यानं उलटंच शिकलेलं असतं: लगामाचा ताण आला की त्यावर रेलून आणखी जोरात पळायचं. ज्याला हा ‘माजलेला’ वाटतो, त्यानं ओढणं सोडून पाहावं.

ही शेवटची गोष्ट दत्तक कुत्र्याच्या पट्ट्याशी जोडलेली आहे. नवं कुत्रं घरी आणलं की पहिले तीन दिवस ते नुसतं घाबरलेलं असतं, तीन आठवड्यांत वेळापत्रक कळतं, घर आपलं वाटायला तीन महिने लागतात. घरात दुसरी पिल्लं असतील तर चौदा दिवस वेगळं ठेवावं, कुत्र्यांच्या पार्व्हो आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. नवं खाणं जुन्यात मिसळत आठवडाभरात बदलावं. पट्टा दोन बोटं आत जातील इतका सैल. पण घाबरलेलं कुत्रं मागे सरकून गळपट्ट्यातून डोकं काढतं, म्हणून हार्नेसही घालावा आणि दोन्हींना दोर लावावा. फेरी सकाळी सहाची, स्कूटरी सुरू व्हायच्या आत, रोज तोच रस्ता, दहा-पंधरा मिनिटं.

चौथ्या दिवशी ते लिफ्टच्या दाराशी बसकण मारतं. ओढलं की पुढचे पाय रोवून मागे रेलतं. जितकं ओढाल तितकं. वरच्या मजल्यावर कुणीतरी लिफ्टचं बटण दाबून खोळंबलेलं असतं. रेसकोर्सवर सुरुवातीच्या कप्प्यात शिरायला नकार देणाऱ्या घोड्याला तिथली माणसं काय करतात, ते आठवावं. समोरून ओढत नाहीत. बाजूला घेतात, लहानसा गोल चक्कर मारून आणतात, म्हणजे रोवलेले पाय आपोआप सुटतात, आणि त्याच चालीत आत नेतात. पट्टा सैल सोडायचा, त्याच्या खांद्याच्या बाजूला जायचं, तोंड लिफ्टकडून जिन्याकडे वळवायचं, चार पावलं टाकायची आणि अर्धवर्तुळ घेऊन परत यायचं. दोनदा, फार तर तीनदा. तरीही नाहीच आलं, तर जिना आहेच. एक मजला उतरायला त्याला अकरा पायऱ्यांचा वास घ्यायचा असतो.