टॅब की लॅपटॉप? आधी तुमची फाईल दाखवा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी भाषांतरं करते, मुद्रितं तपासते आणि त्यातलं बरंच काम पुणे-मुंबई गाडीत उरकते. त्यामुळे प्रवासाला निघालेलं कुणीही मला गाठतं आणि विचारतं, टॅब घेऊ की हलका लॅपटॉप? मी उलट विचारते, तुम्हाला फाईल पाठवतं कोण?

हा प्रश्न कुणाला आवडत नाही. वजन किती ते सांगा, म्हणतात. बरं, वजन. एम-४ चिपवाला १३ इंची आयपॅड प्रो ५७९ ग्रॅमचा. त्याला अ‍ॅपलचाच मॅजिक कीबोर्ड लावा, तो स्वतः टॅबहून जड आहे. दोन्ही मिळून सव्वा किलोच्या घरात जातात. १३ इंची मॅकबुक एअर १.२४ किलोचा. म्हणजे खांद्याला फरक शून्य, आणि कीबोर्डचे पैसे वेगळे मोजायचे. टॅबचा हलकेपणा कीबोर्डाशिवाय वापरणाऱ्यांसाठीच आहे, हे दुकानदार सांगत नाही.

आता फाईलकडे येऊ. मराठीत छापण्याचं काम करणाऱ्या कुणाशीही तुमचा संबंध येत असेल, तर श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमधली फाईल आज ना उद्या दारात येणारच. युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर नीट दिसणारी अक्षरांची पद्धत, येऊन इतकी वर्षं झाली तरी डीटीपीवाले, म्हणजे पुस्तकाची पानं लावणारे, त्या जुन्या फॉन्टवरून हललेले नाहीत, त्यांची त्यांची कारणं आहेत. अशी फाईल टॅबवर उघडली की शीर्षकापासून तळटीपेपर्यंत नुसतं गिचमिड: कंस, डॉलरची चिन्हं, टोप्या घातलेली रोमन अक्षरं. त्यात ऱ्हस्व-दीर्घ काय बघणार, कपाळ? तिथे ते फॉन्ट बसवलेला विंडोजवाला लॅपटॉपच बरा.

वर्डची फाईल असेल तर बरं चालतं. बदलांच्या खुणा, शेरे, सगळं टॅबवर दिसतं. एक गोम मात्र आहे. मायक्रोसॉफ्टची ऑफिस अ‍ॅप्स १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर फुकटात संपादन करू देतात, त्याहून मोठ्या पडद्यावर वर्गणी मागतात. आणि हल्लीचे बरेचसे टॅब ११ इंची! शिवाय मूळ मजकूर एका बाजूला आणि भाषांतर दुसऱ्या बाजूला ठेवून तासभर काम करा, मग पडदा किती अपुरा आहे ते कळतं.

माझी एक मैत्रीण सीए आहे. तिचा प्रश्न तर एका वाक्यात सुटला. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लावून रिटर्न भरायचं, तर त्याचा ड्रायव्हर आणि सहीचं सॉफ्टवेअर संगणकावरच चालतं. टॅब घेऊन गेली असती तर कितीही महागडा असता तरी सहीपाशी अडली असती.

बसायची जागाही बघा. चेअर कारमध्ये समोरच्याने पाठ मागे टाकली की लॅपटॉपचा पडदा अर्धाच उघडतो, मान वाकडी करून टाईप करावं लागतं. तिथे टॅब बरा वाटेल. पण ट्रे मोडका निघाला आणि मांडीवर घ्यायची वेळ आली, की मागे टेकू असलेलं कीबोर्डचं कव्हर दगा देतं. घाटात गाडी वळली की पडदा मागे कलंडतो, आपण एका हाताने तो धरायचा आणि दुसऱ्या हाताने जोडाक्षरं काढायची. लॅपटॉपचं वजन खाली असतं, तो मुकाट बसतो. वरच्या बर्थवर आडवं होऊन वाचायचं असेल तर मात्र टॅबला तोड नाही.

चार्जिंगमध्येही टॅबच सरस. फोनच्या चार्जरवर, सावकाश का होईना, भरतो. लॅपटॉपला पीडी (यूएसबी-सीमधून जास्त वीज देण्याची सोय) असलेला, निदान ३० वॉटचा चार्जर किंवा पॉवर बँक हवी. विमानात पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यायची, आणि १०० वॉट-तासांपर्यंतची असेल तर वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तास भरते. गाडीतल्या सॉकेटच्या भरवशावर राहू नका, कित्येक गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ ती बंद ठेवतात.

मग टॅब कुणी घ्यावा? मुलाकडे अमेरिकेला चार-सहा महिने निघालेल्या काका-काकूंनी, डोळे झाकून. ई-पुस्तकं वाचायची, नातवाचे फोटो बघायचे, इकडे व्हिडिओ कॉल लावायचा, मराठीत बोलून मेसेज टाईप करायचा. त्यांना कुणी फाईल पाठवत नाही. चित्र काढणाऱ्यांनीही घ्यावा, पेन्सिलीसकट. आणि ज्यांचं सगळं काम मेल वाचणं, ‘हो, चालेल’ कळवणं एवढंच आहे, अशा साहेब लोकांनी. सिमवाला मिळाला तर तोच घ्या, फोनचा हॉटस्पॉट दिवसभर चालू ठेवून बॅटरी जाळायला नको.

बाकीच्यांनी दुकानात जाताना आपलीच एखादी किचकट फाईल पेनड्राइव्हवर न्यावी. विक्रेत्याला सांगायचं, ही उघड, यात एक तळटीप घाल आणि परत सेव्ह करून दे. तो मॅनेजरला बोलवायला गेला, तर लॅपटॉपांच्या काउंटरकडे वळा.