वेचाईची माणसं टिकली त्याची गोष्ट

आमचं वावर अकोट तालुक्यात, नऊ एकर. सहा एकर पराटी, म्हणजे कापूस, बाकी सोयाबीन-तूर. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची काढणी आणि कापसाचा पहिला वेचा अंगावर एकदमच येतात, आणि गावातल्या बाया तेव्हा सगळ्यांनाच हव्या असतात. सोयाबीन एकरी हुंडा, म्हणजे एकरामागे ठरलेली ठोक मजुरी, देऊन निभतं. कापसाला हातच लागतो, तोही एकदा नाही. बोंडं फुटत जातात तसे तीन-चार वेचे.

२०२३ साली मी एका मुकादमाला वीस हजार उचल दिली. चौदा माणसं ठरली होती, आली सहा. तीही आठ दिवसांत किलोमागे रुपया जास्त देणाऱ्याकडे गेली. नोव्हेंबरअखेरच्या अवकाळीत पराटीवरचा कापूस भिजून पिवळा पडला. धुऱ्यावर उभा राहून मी तो नुसता पाहत होतो. जाताना एक बाई म्हणाली होती, "भाऊ, काटाही तुमचा न् आकडाही तुमचाच."

तिचं खोटं नव्हतं. मी अंधार पडल्यावर वजन करायचो आणि ओलाव्यापोटी गाठोड्यामागे किलो-दीड किलो कापायचो. दवातला कापूस जड भरतो आणि १२ टक्क्यांवर ओलावा असला की सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ, तो घेत नाही, हे माझं कारण. पण दव वाळायच्या आत त्यांना वावरात बोलावणारा मीच होतो ना!

पुढच्या वर्षी मुकादम सोडला. पोळा झाल्यावर स्वतः घाट चढून मेळघाटातल्या धारणी तालुक्यात, कोरकू आदिवासींच्या एका गावात गेलो. पहिल्या खेपेला कोणी फारसं बोललं नाही. दुसऱ्या खेपेला बायांनी विचारलं, राहायचं कुठं, पाणी किती लांब, लेकरं कुठं ठेवायची. भाव सगळ्यांत शेवटी निघाला.

चार घरची अकरा माणसं आली. गोठ्याजवळची खोली मोकळी करून दिली, सरपण टाकलं. वेचणी दव उतरल्यावरच सुरू. वजन दुपारी एकदा आणि दिवस मावळायच्या आत एकदा, सगळ्यांसमोर, कपात बंद. त्यांच्यातली नववी शिकलेली पोरगी आकडा त्यांच्या वहीत लिहायची, मी माझ्या. चुकारा आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, रोख. त्यात एकदाही चुकलो नाही, एका आठवड्याला त्यासाठी हातउसने घेतले.

भाव किलोला १० रुपये ठरला होता. तिसऱ्या वेच्याला मी होऊन १२ केला. पहिल्या वेच्याला चाळीस किलो वेचणारी बाई शेवटी वीसवर येते. बोंडं विरळ, चालणं तेवढंच. शेजारी म्हणाले, मजूर बिघडवतो. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि त्यातले हजार-बाराशे वेचाईतच गेले. जड जातं, खोटं कशाला बोलू. पण झाडावर भिजलेल्या कापसाचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

मध्ये एकदा दुसरीकडून बोलावणं आलं होतं त्यांना, किलोला रुपया जास्त. गेले नाहीत. तूर कापून, होळीच्या आधी गावी परतले. होळीला कोरकू माणूस घराबाहेर राहत नाही. निघताना त्या पोरीनं वही मला दाखवली, दोन्हीकडचे आकडे जुळले. मग तिच्या आईनं खोलीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथलं टिन गळत होतं आणि तीन महिने कोणी बोललं नव्हतं. पोळ्याआधी मी ते बदललं.