हरलेल्या देवाने गोष्ट सांगायची

जर्मनीतल्या लाइपझिगला येऊन मला तीन वर्षं झाली. या शहरात मी रुळले ती ऑफिसमुळे नाही, शुक्रवार संध्याकाळच्या एका खेळामुळे.

आम्ही चौघं मित्राच्या स्वयंपाकघरात टेबलाभोवती बसतो. प्रत्येक जण एकेक देव. मिळून एक जग रचायचं आणि मोठ्या कागदावर त्याचा नकाशा काढत जायचं: डोंगर, नद्या, वस्त्या. सूत्रधार कोणी नाही, गोष्ट चौघांची. पण देव म्हटले की भांडणं आलीच. एकाला रान हवं असतं, दुसऱ्याला नेमकं तिथेच शहर वसवायचं असतं. मग पत्ते निघतात.

पत्ते स्काटचे. स्काट हा इथला पत्त्यांचा खेळ १९व्या शतकाच्या सुरुवातीला इथून जवळच्या आल्टेनबुर्गमध्ये घडला, आणि तिथे १९०३ साली उभारलेलं स्काटचं कारंजंसुद्धा आहे. कॅट ३२ पत्त्यांचा, सत्तीपासून एक्क्यापर्यंत. या भागातल्या जुन्या पत्त्यांवर किलवर, इस्पिक, चौकट नसतात. ओकची फळं, हिरवी पानं आणि घुंगरं असतात. बदाम तेवढा आपल्या ओळखीचा. राणी नाहीच. राजाच्या खाली ओबर आणि उंटर असे दोन सरदार. दश्शी राजाला मारते, आणि उंटर, म्हणजे आपला गुलाम, सगळ्यांच्या डोक्यावर. मेंढीकोटात वाढलेल्या माझ्या हाताला हे अंगवळणी पडायला दोन महिने लागले.

आमचे नियम याच उतरंडीवर बेतलेले आहेत. युगाच्या सुरुवातीला प्रत्येकाला सात पत्ते, उरलेले चार मध्ये पालथे. ते नशीब, बरोबरी झाली तरच उघडायचं. प्रत्येक देवाचा एक रंग. मी हिरवी: पाऊस, नद्या, रानं माझी. भांडण माझ्या हद्दीतलं असेल तर हिरवा हुकूम. पत्ता टाकण्याआधी दोघांनी मोठ्याने सांगायचं की जिंकलो तर काय हवं आणि हरलो तर काय जाईल. हे बोलून झाल्याशिवाय पत्त्याला हात लावायचा नाही. उंटर म्हणजे माणसं. तो एक्क्यालाही मारतो, पण माणसं तुमच्या बाजूने का उभी राहिली हे सांगता आलं तरच.

सगळ्यात सुंदर नियम शेवटचा आहे. जिंकलेला पत्ता युग संपेपर्यंत बाद होतो, हरलेला परत हातात येतो. त्यामुळे जिंकत सुटलेला देव रिकामा होत जातो. आणि जे घडलं ते हरलेल्याने सांगायचं. जिंकणाऱ्याने गप्प बसून ऐकायचं.

मार्चमधल्या एका शुक्रवारी घुंगरांचा देव, म्हणजे शहरांचा आणि व्यापाराचा, माझी नदी अडवायला निघाला. मी निर्धास्त होते; हातात हिरवा एक्का होता. दोघांनी पत्ते उलटले. त्याच्याकडे घुंगरांचा उंटर. "खालच्या शहरातल्या विहिरी आटल्यात, मुलं रात्रीची पाण्याच्या रांगेत उभी राहतात," तो म्हणाला. यावर मी काय बोलणार? एक्का परत उचलला, आणि सांगायची पाळी माझी आली.

तोवर त्या टेबलावर मी मोजकंच बोलायचे. जर्मन कच्चं, चूक होईल ही भीती. पण नियम म्हणजे नियम. मी सांगितलं की पाणी हळूहळू चढलं, आधी मळे गेले, मग घरं, मग देऊळ. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं शिखर वर येतं आणि उठून गेलेली माणसं होडीतून दर्शनाला जातात. हे मला रचावं लागलं नाही. आमच्या इंदापूरकडचं पळसदेव उजनीच्या पाण्यात गेलं, आजी मला हेच सांगायची. क्रियापदं चुकत होती, पण मध्ये कोणी बोललं नाही.

सांगून झाल्यावर घुंगरांचा देव बराच वेळ हातातला उंटर फिरवत राहिला. मग म्हणाला, त्याची आजी माग्डेबोर्नची. लाइपझिगच्या दक्षिणेचं हे गाव तपकिरी कोळशाच्या खाणीने गिळलं. खाण बंद झाल्यावर खड्ड्यात पाणी भरलं, आज तिथे श्टोर्मथालचा तलाव आहे. गावाची आठवण म्हणून त्यावर चर्चसारखी एक वास्तू तरंगते, तिचं नाव विनेटा. पुढच्या रविवारी आम्ही चौघं ती बघायला गेलो. काठावर वारा इतका होता की थर्मासमधला चहा कपात पडायच्या आधीच उडत होता.

यंदा सुट्टीहून परतताना मी सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आणली: १२० गोल पत्ते, दहा रंग, दहा अवतार. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं. दिवसा खेळ रामाच्या राजापासून सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या, हे ऐकल्यावर तिघांनी लगेच वह्या काढल्या. आमच्या देवांनाही दिवस-रात्र हवी, यावर त्या रात्री साडेअकरापर्यंत खल चालला.

नकाशावरचं धरण अजून तिथेच आहे. त्याच्या निळ्या पाण्यात घुंगरांच्या देवाने पेन्सिलीने एक छोटं शिखर काढलंय. या शुक्रवारी नवं युग सुरू होतंय, आणि पत्ते पिसायची पाळी माझी आहे.