धावणारी काकू, उंची ३२ पिक्सेल

माझ्या लॅपटॉपवर सध्या एक काकू धावते आहे. साडी जांभळी, खांद्याला पर्स, उंची ३२ पिक्सेल. तिला ठाणे स्टेशनवर दहा नंबरची पनवेल गाडी पकडायची आहे. गेम भाचीचा, कोड ती लिहिते, चित्रं माझ्या गळ्यात पडली. कारण काय, तर शाळेत दुसुतीवर फुलीच्या टाक्याने मोर भरलेली घरातली एकमेव बाई मी. पिक्सेल आर्ट म्हणजे खरोखर तेच काम आहे. चौकोन भरायचा नाहीतर सोडायचा, मधलं काही नाही. मोर मात्र उशीच्या अभ्र्यावर निमूट बसून राहायचा. काकूला बसून चालत नाही.

काकू १६० सेंटिमीटर उंच धरली, म्हणजे एक पिक्सेल झाला ५ सेंटिमीटरचा. हा हिशेब डोक्यात बसला की काटकसर आपोआप येते. नाक नाही. मंगळसूत्र परवडत नाही. टिकली हवीच, असा भाचीचा हट्ट, म्हणून एक लाल पिक्सेल दिला. काकूने प्रत्यक्षात ५ सेंटिमीटरची टिकली लावली आहे आणि कुणालाही ते खटकत नाही. अशा अडचणीतूनच व्हिडिओ गेममधल्या मारिओचा चेहरा घडला. १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’ या गेमसाठी त्याचा जपानी डिझायनर शिगेरू मियामोतोने त्याला टोपी दिली ती केस काढायला नकोत म्हणून, आणि मिशी दिली ती तोंड काढायला नको म्हणून. ओव्हरऑल (खांद्यावर पट्टे असलेली डांगरी) घातला तो हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून. हे शेवटचं कारण मी आधी वाचून सोडून दिलं होतं. आता तेच सारखं आठवतं.

धावण्याचं गणित तसं ठरलेलं आहे. पाय टेकतो, गुडघा वाकून शरीर खाली दबतं, मागचा पाय पुढच्याला ओलांडतो, आणि मग अंग हवेत. या चार फ्रेम, म्हणजे एकामागून एक दाखवायची चार चित्रं. दुसऱ्या पायाच्या आणखी चार. दुसऱ्या खेपेला फक्त जवळचा आणि पलीकडचा पाय बदलायचा, पलीकडच्याला थोडा गडद रंग द्यायचा. दबताना डोकं एक पिक्सेल खाली, हवेत एक पिक्सेल वर. चालणं आणि धावणं यांतला फरक वेगाचा नाही. चालताना एक तरी पाय जमिनीवर असतोच. धावताना दोन्ही सुटतात. ती हवेतली फ्रेम काढून टाकली की काकू कितीही भरभर हलवा, ती लगबगीने चालत राहते, धावत नाही. प्रत्येक फ्रेमला १०० मिलिसेकंद दिले तर सकाळी फिरायला निघाल्यासारखी दिसते. ८० केले की गाडी सुटायला आलेली असते.

ही हवेतली फ्रेम डोळ्यांना कधीच धड दिसत नाही. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने लावले. घोडा पुढून जाईल तसे वाटेतले दोरे ओढले जाऊन एकेक फोटो निघत गेला. तोवर चित्रकार दौडत्या घोड्याचे पाय पुढे-मागे ताणलेले दाखवत. फोटोत दिसलं की चारही पाय हवेत असतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. माणूस हवेत असतो तेव्हा मात्र त्याचे पाय फाकलेलेच असतात, त्यामुळे माझं काम घोड्यापेक्षा सोपं.

सोपं, म्हणजे काकूने साडी नेसली नसती तर. साडीत पायच दिसत नाहीत! वर सांगितलेल्या आठ फ्रेमचं सगळं शास्त्र निऱ्यांच्या आत दडून बसतं. उरतो तो निऱ्यांचा घोळ, एकदा पुढे एकदा मागे, आणि खालून डोकावणारी दोन पिक्सेलची चप्पल. पदर अंगाच्या एक फ्रेम मागे ठेवायचा. शरीर वर गेलं की तो खाली, शरीर खाली आलं की तो वर. एवढ्याने हालचाल आली, पण बाई कोण ते कळेना. तेव्हा मी स्टेशनच्या पुलावर कठड्याला टेकून लोकांचं धावणं बघायला लागले. (ठाण्यात पुलावर नुसतं उभं राहणं हा गुन्हा आहे. मागून ‘चला, चला’ असा आवाज येतोच.)

कल्याणकडून गाडी आली की अर्धा पूल वाशी-पनवेलच्या बाजूला पळतो. पाय सगळ्यांचे सारखेच, त्यात बघण्यासारखं काही नाही. बघायचे ते हात. पाठीवरची सॅक पोटावर घेतलेला माणूस तिला दोन्ही हातांनी मिठी मारून धावतो, त्याचे फक्त कोपर हलतात. कॉलेजचा मुलगा एक हात मोकळा फेकतो, दुसरा खिशातल्या मोबाइलवर दाबून ठेवतो. डब्याची पिशवी असलेली बाई तो हात अंगापासून दूर आणि ताठ धरते, कारण आमटी. काखेत फाइल धरणाऱ्याला एका बाजूने धावताच येत नाही, तो तिरका जातो. लहान मुलाचा हात धरलेली आई स्वतः पावलं टाकते आणि मूल जवळजवळ सगळ्या फ्रेम हवेत असतं. संध्याकाळी तलावपाळीला धावणारे लोक यांच्यापेक्षा कितीतरी चांगले धावतात, पण हात रिकामे. ३२ पिक्सेलमध्ये त्यांच्यातला एक दुसऱ्यापासून ओळखता येणार नाही.

मग काकूचा डावा हात निऱ्यांवर नेला, चार पिक्सेल वर उचलून धरलेल्या. उजवा पर्सच्या पट्ट्यावर. दोन्ही हात स्थिर, झोका कसलाच नाही, नियमाप्रमाणे सगळं चुकीचं. आणि भाची लगेच म्हणाली, “मावशी, अगं ही तर आपली आई!” ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ बनवताना जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावलं, व्हिडिओ काढला आणि त्यावरून राजपुत्र उतरवला. गेम १९८९ साली आला. भाऊ केव्हाच मोठा झाला असेल, राजपुत्र अजून त्याच्याच पायांनी धावतो. माझ्या ताईला विचारलेलं नाही. विचारलं तर म्हणेल, मी एवढी जाडी दिसते का?

परवा भाचीने पुढची ऑर्डर दिली, “आता टीसी काढ.” आठ फ्रेम मोजून मी तयारीला लागले, तर म्हणते, “टीसी कशाला धावेल? तो जिन्याखाली उभा असतो. एकच फ्रेम दे. हात तेवढा पुढे असू दे.”